निळी खुर्ची आणि तिसरी कढई

आमच्या घरात दूध प्यायचं नसतंय, आटवायचं असतंय. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कळंबकडं जाणाऱ्या रोडला एक फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव, आणि गावात शिरायच्या आधी धूर दिसला की समजायचं, ती आमची खव्याची भट्टी. चार म्हशी आमच्या आणि शेजारच्या पाच-सहा घरांचं दूध. उजाडायला दूध यायचं आणि दुपार कलेपर्यंत माय कढईसमोर बसलेली असायची. असलं आठवणींचं लिखाण लोक म्हातारपणी करतात म्हणे. मी अजून तिशीत पण आले नाही. पण म्हटलं ते एक वर्ष आत्ताच मोबाईलवर टाइप करून टाकावं, नंतर तेवढं पण व्हायचं नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याच्या छपराचा सपार आणि सपारात भट्टी. मला झोपेतून उठवायला कधी कुणाला हाक मारावी लागली नाही, उलथन्याच्या आवाजानंच जाग यायची. दूध पातळ असताना लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्र खर्र आवाज आणि त्याच्या खाली दुधाची खळखळ. मग हळूहळू खळखळ जायची आणि फद् फद् चालू व्हायचं, चिखलात म्हैस चालल्यासारखं. आणि सगळ्यात शेवटी ते पण बंद, नुसतं खरवडल्यासारखं काहीतरी. तो आवाज आला की माय म्हणायची, "आता माझ्यासंगं बोलायचं न्हाय." कारण त्या शेवटच्या पाच मिनिटांत हात थांबला की खवा करपतो. लहान असताना मी शाळेतून आले, पडले, रडले, काय बी झालं तरी आधी कान देऊन आवाज ऐकायचे आणि मग ठरवायचे, आत्ता सांगायचं का थोडं थांबून. अजून पण कुणाला महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मी उगंच थांबते. लोकांना वाटतं पोरगी गर्विष्ठ आहे.

रोजच्या तीन कढया. पहिल्या दोन कढयांचा खवा झाला की माझे वडील, आप्पा, तो ओल्या फडक्यात बांधून पाटीत घालायचे, पाटी मोटारसायकलच्या मागं बांधायचे आणि कळंबला हणमंतशेठच्या पेढ्यांच्या दुकानात घेऊन जायचे. ते निघाले की माय तिसरी चढवायची. तिसरीचा माल दुसऱ्या दिवशी सकाळी जायचा. म्हणजे आप्पा घरात असताना माय पहिल्या दोन कढयांवर असायची, तेव्हा ती बोलायची, आप्पांना टोमणे मारायची, म्हशींना शिव्या द्यायची. तिसऱ्या कढईला ती एकटी असायची. तिसऱ्या कढईवरची माय कशी दिसते ते आप्पांनी कधी बघितलंच नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं, नंतर आलं.

मायची बसायची जागा म्हणजे एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची. तिचे चारी पाय मोडलेले, आप्पांनी ते करवतीनं सारखे कापून दिले होते, म्हणजे ती जमिनीपासून चार बोटं वर राहायची आणि मागं पाठ टेकायला मिळायची. माय म्हणायची, "आमदाराला न्हाय असली खुर्ची, त्याची जाती, माझी न्हाय जात." तिच्या उजव्या खांद्यात कायम चमक असायची. एका हातानं उलथनं, दुसऱ्या हातानं भट्टीत जळतण सारायचं, मधीच पदरानं डोळे पुसायचे. डोळे धुरानं लाल. मी शाळेत असताना एका बाईंनी विचारलं होतं, तुझी आई रडती का गं सारखी.

खायचं म्हणाल तर कढईच्या बुडाला चिकटलेली खरवड माझी. ज्वारीची गरम भाकर, तिच्यावर खरवड आणि थोडा गूळ. त्याच्यासारखं मी पुण्यात कुठंच खाल्लं नाही. जिथं जिथं लोक मला "हे ट्राय कर" म्हणून काहीतरी गोड खायला घालतात तिथं मी मनात म्हणते, तुम्हाला काय माहीत.

तर मी लातूरला कॉलेजात गेले, आणि तिथं मला फिल्म लागली. म्हणजे भूत लागतं तसं. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक शॉर्ट फिल्म करायची होती, आणि सर म्हणाले, चांगली झाली तर पुण्याच्या विद्यार्थी स्पर्धेला पाठवू. वर्गात सगळ्यांनी खून, भूत, ब्रेकअप असले विषय घेतले. मी म्हटलं, मी माझ्या मायची फिल्म करणार. सर म्हणाले, गोष्ट काय? मी म्हटलं, गोष्ट काही नाही, एक बाई तिसरी कढई आटवते. वर्ग हसला. माझ्यासंगं एकटा तौसिफ आला, कारण त्याच्याकडं मामाचा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता आणि त्याला आमच्या घरचा खवा खायचा होता. तो तसं स्पष्ट म्हणालाच, "मने, मेहनताना खव्यात घेणार."

दोन दिवस आम्ही शूट केलं. पहिल्या दिवशीचं सगळं बेकार निघालं, कारण माय कॅमेऱ्याकडं बघून हसायची आणि पदर सावरायची. तौसिफला सारखी म्हणायची, "बाळा, बस की, उभा राहून पाय दुखतेल." दुसऱ्या दिवशी आप्पा कळंबला गेले, तिसरी कढई चढली, ऊन सपाराच्या भोकांतून धुरात उतरलं, आणि तौसिफ म्हणाला, "मने, हे बघ." मी बघितलं. सगळं सोन्यासारखं दिसत होतं, धूर, कढई, मायचा हात. आणि मधोमध ती निळी खुर्ची. निळी म्हणजे इतकी निळी की नजर दुसरीकडं जाईना.

मी म्हटलं, खुर्ची काढायची. पण मग माय बसणार कशावर? पाट छोटा पडत होता, बाज मोठी. मला एकदम सुचलं. मी तौसिफच्या गाडीवर फाट्यावर गेले. तिथं चहाचं आणि मिठाईचं हॉटेल आहे, त्या हॉटेलवाल्या मामांकडून एक रिकामं पोतं मागून आणलं. जुनं, मळकं, धुतलेलं, त्याच्यावर फिकट झालेलं गाईचं चित्र. मला वाटलं, काय भारी, गाईचं चित्र, दुधाची फिल्म, बघणारे म्हणतील पोरीनं विचार केलाय. आत थोडा भुसा भरला, गादीसारखं केलं आणि मायला बसवलं.

ते पोतं दूध पावडरचं होतं. त्याच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मला इंग्रजी येतंय. मी ते वाचलं होतं.

ज्यांच्या घरात खवा होत नाही त्यांना ह्यात काय विशेष वाटणार नाही. पण खव्याच्या धंद्यात भट्टीजवळ पावडरचं पोतं दिसणं म्हणजे काय, ते कळंबच्या बाजारातलं शेंबडं पोर सांगेल. पावडर कालवून खवा करणारे लोक आहेत, त्यांचा माल वेगळा, त्यांचं नाव वेगळं घेतात, हळू आवाजात. आप्पांनी उभ्या जन्मात तसलं पोतं दारात येऊ दिलं नव्हतं. म्हणून तर मायनं ते कधी बघितलंच नव्हतं. आणि मी बघितलं ते फक्त कॅमेऱ्यातून.

शूट झालं. त्या दिवशीची तिसरी कढई करपली, कारण शेवटच्या पाच मिनिटांत मी तिला तीनदा थांबवलं. आप्पा आल्यावर त्यांना वास आला. माय म्हणाली, "माझं ध्यान न्हवतं." आप्पा म्हणाले, "व्हतंय एखांद्या दिवशी." मी खोलीत फुटेज कॉपी करत होते, मला ऐकू आलं, आणि मी कॉपी करत राहिले.

फिल्मला पुण्यात पहिलं बक्षीस मिळालं. अकरा मिनिटांची फिल्म, संवाद एक पण नाही. परीक्षकांमधल्या एक बाई स्टेजवर म्हणाल्या की शेवटचा तो लांब शॉट, जिथं आई पोत्यावर बसून नुसती कढईत बघत राहते, तो शॉट त्या विसरणार नाहीत. त्या म्हणाल्या, ह्या फिल्ममधली शांतता फार खरी आहे. मी ढसाढसा रडले. माय-आप्पा काही आले नव्हते, म्हशी कुणावर सोडून येणार. मी ट्रॉफी मांडीवर घेऊन एसटीनं आले. रात्रभराच्या प्रवासात शेजारच्या बाईनं विचारलं, "कबड्डीचं हाय का गं?" मी व्हय म्हटलं. समजावून सांगायला लई वेळ लागला असता.

आप्पांनी गावात पेढे वाटले, घरच्याच खव्याचे. फिल्म इंटरनेटवर आली, स्पर्धावाल्यांनीच टाकली, आणि आप्पांनी माझ्याकडून लिंक घेऊन मोबाईलवर बघितली. त्यांच्या मोबाईलची काच तडकलेली, स्क्रीन तळहाताएवढी. सपाराच्या खांबाला टेकून उभ्यानं बघितली. बघून झाल्यावर मोबाईल खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा बघितली. मग मायजवळ गेले, तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि म्हणाले, "सर तिकडं जरा." माय म्हणाली, "काय झालं तुमाला? करपवताव, द्या हिकडं." त्यांनी दिलं नाही. त्या दिवसापासून ते पहिली कढई स्वतः करायला लागले. आणि त्याच दिवशी त्यांनी ती लिंक सगळ्यांना पाठवली. पाव्हण्यांना, दूध घालणाऱ्यांना, आणि हणमंतशेठला.

हणमंतशेठ माणूस चांगला. त्यांना पण आनंद झाला. आमच्या खव्यावाल्याची पोरगी म्हणून त्यांनी फिल्म दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावली. दिवसभर चालू ठेवली. तळहाताएवढ्या स्क्रीनवर जे कुणाला दिसलं नव्हतं ते तिथं हातभर झालं. गाय, आणि गाईच्या खाली अक्षरं.

चौथ्या दिवशी आप्पा कळंबहून आले तेव्हा मी दारातच होते. मोटारसायकलचा आवाजच वेगळा आला, जड. मागं पाटी तशीच बांधलेली, फडकं तसंच. माय म्हणाली, "काय हो, दुकान बंद व्हतं का?" आप्पांनी पाटी उतरवून खाली ठेवली, हातपाय धुतले, जेवायला बसले. पिठलं-भाकर खाल्ली, हात धुतला आणि मग मला म्हणाले, "तुजा तो कम्प्युटर आण. फिल्म लाव."

मी लॅपटॉप आणला. माय पण पदराला हात पुसत आली, तिला वाटलं आज आपल्याला पण दाखवणार. तिनं तोवर फिल्म बघितलीच नव्हती. कधी कढई, कधी म्हशी, आणि मी पण म्हणत राहिले, दाखवते की, कुठं जाती. मी लावली. आप्पा म्हणाले, "फुडं घे. आनि फुडं. आता थांबव."

शॉट थांबला. मधोमध माय, खाली पोतं.

"हे कुठून आलं?" आप्पांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मी सांगणार होते, खरंच सांगणार होते, फक्त सवयीप्रमाणं थोडं थांबले. तेवढ्यात माय म्हणाली, "म्या आणलं. फाट्यावरून. बसाया."

मी खाली कीबोर्डकडं बघत होते. आप्पा म्हणाले, "एवढी वरसं भट्टीवर काढलीस. तुला कळू ने?"

"न्हाय कळलं," माय म्हणाली.

"शेठ म्हनला, आप्पा, माजी शंका न्हाय, पर गिऱ्हाईक टीव्हीत बगूलालंय, मी कुनाकुनाचं तोंड धरू. थोडे दिवस माल आनू नका."

माय उठली, पाटीतला खवा आत नेला. मी लॅपटॉप बंद केला. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मी मनात म्हणत होते आणि तसंच म्हणत दिवस मावळला.

पुढचे आठ दिवस आठवले की मला अजून पण गोड नको वाटतं. माघारी आलेला खवा टाकून थोडाच देणार. खव्याच्या पोळ्या, खव्याच्या वड्या, भाकरीवर खवा, चहात खवा. शेजाऱ्यांना वाटला. एक काकू घेताना म्हणाली, "चांगला हाय न्हवं?" आणि हसली. मायनं वाटी माघारी घेतली आणि घरी आली. ज्या काकूच्या घरचं दूध आमच्या कढईत पडायचं तीच ही काकू. मग आप्पांनी दूध डेअरीच्या टेम्पोला घालायला सुरुवात केली आणि भट्टी बंद झाली. पहिल्यांदाच. सकाळी मला जाग येईना. साडेआठ-नऊला उठायचे आणि डोकं जड. घरात आवाजच नाही. माय रिकाम्या हातानं ओट्यावर बसायची, उजवा खांदा दाबत. आप्पा म्हणायचे, "बरंय, इसावा तरी मिळाला तुला." माय म्हणायची, "इसाव्यानंच दुखूलालंय."

मधी स्पर्धावाल्यांचा फोन आला. फिल्म पुढं दुसऱ्या एका मोठ्या महोत्सवाला जाणार, त्याच्यासाठी आवाज जरा साफ करून द्या. मला लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं सांगते, मला आनंदच झाला. मी हेडफोन लावले आणि मूळ रेकॉर्डिंग उघडलं. सबंध, न कापलेलं. आणि एकदम घरात भट्टी पेटल्यासारखं झालं. खर्र खर्र. खळखळ. मी डोळे मिटून ऐकत बसले. मग त्याच्यात माझा आवाज आला.

मला तो आवाज माझा आहे हे कळायला वेळ लागला. इतका करडा.

"माय, खुर्ची काढ गं. घाण दिसायलीय."

"राहू दे की, मने. पाठीला बरं वाटतंय."

"अगं निळं लई मारतंय कॅमेऱ्यात."

"मारू दे. तुज्या बापानं न्हाय मारलं, खुर्ची काय मारती." तौसिफ हसलेला. मी नाही.

"ऊठ, माय. ऊन जाईल."

मग पोतं टाकल्याचा आवाज. मग माय, "ह्याच्यावर काय लिवलंय गं?"

आणि मी, "कायतरी दुधाचं हाय. बस तू."

"दुधाचंच हाय व्हय, मग बरंय," असं म्हणून माय बसली. बसताना तिच्या तोंडातून आयगं निघालं. आणि मी म्हणाले, "बोलू नको, आवाज रेकॉर्ड व्हायलाय."

फिल्ममध्ये हे सगळं मी कापलं होतं. ती फार खरी शांतता, ती ह्याच्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांना म्हटलं, मला कळंबला न्या, शेठच्या दुकानात. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मोटारसायकलवर मागं, जिथं पाटी असायची तिथं, मी लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेऊन बसले. आठवड्याचा बाजार होता, दुकानात गर्दी. हणमंतशेठ गल्ल्यावर. मला बघून म्हणाले, "ये बाई. लई मोठी झालीस." त्याच्यात टोमणा होता का नव्हता, मला अजून ठरवता आलं नाही.

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या टीव्हीला वायर जोडू का? फिल्म दाखवायचीय."

"आता राहू दे की ती. झाली तेवढी बास झाली."

"ही दुसरी हाय. तीच, पण न कापलेली."

त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा चपला काढून बाकावर बसले होते, खाली बघत. शेठ म्हणाले, "लाव."

मी लावली. टीव्हीवर आमचा सपार आला, निळी खुर्ची आली, खुर्चीवर माय. मग फ्रेममध्ये मी, हातात पोतं. भुसा भरताना, पोतं झटकताना, गाय बरोबर कॅमेऱ्याकडं फिरवताना. आणि तो सगळा संवाद. बोलू नको, आवाज रेकॉर्ड व्हायलाय. पेढे घ्यायला आलेले लोक थांबले. मला टीव्हीकडं बघवेना, म्हणून मी काचेतल्या पेढ्यांकडं बघत राहिले. एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला विचारलं, "कोन हाय गं ती बोलनारी?" शेजारीण म्हणाली, "लेक हाय." म्हातारी म्हणाली, "लेकीचा आवाज वाटंना." मी तिथंच उभी होते.

बंद झालं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पोतं मी आणलं होतं. फाट्यावरच्या हॉटेलातून. आमच्या घरात पावडर कधी आली नाही. मायला वाचता येत नाही इंग्रजी, मला येतंय." वाक्य घोकून आणलं होतं तरी शेवटी शेवटी तुटलं.

शेठनं टीव्ही बंद केला. मग आप्पांना म्हणाले, "आप्पा, तुमचा खवा मी तळहातावर चोळला की मला कळतंय. मला शंका न्हवती."

आप्पा म्हणाले, "मग माल माघारी कशाला दिला, शेठ?"

शेठनं गल्ल्यावरचा हात काढून घेतला. "चुकलं," ते म्हणाले. "उद्यापासून आणा. पर बाई, ती फिल्म तेवढी काढ त्या इंटरनेटवरनं. मी काय दर गिऱ्हाइकाला हे दुसरं दाखवत बसू?"

मी तिथंच उभ्या उभ्या स्पर्धावाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, काढली तर पुढच्या महोत्सवाला जाणार नाही, विचार करा, एका शॉटचा प्रश्न आहे, तेवढा कापून द्या. मी म्हटलं, कापून बघितलं सर, तो शॉट काढला की फिल्म उरत नाही. काढा. हे मी आज सरळ लिहिते, पण तेव्हा सरळ नव्हतं. अजून पण कधीकधी, लग्नांचे व्हिडिओ एडिट करता करता, कारण सध्या पोटासाठी मी तेच करते, वरमाईच्या साडीवर रंग चढवता चढवता, माझा हात थांबतो आणि वाटतं, गेली असती फिल्म पुढं तर. मग वाटतं, गेली असती तर काय. मग चहा करते.

येताना अर्ध्या रस्त्यात आप्पांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते तसेच हँडल धरून बसले, मागं न बघता म्हणाले, "मला म्हाईत व्हतं."

"काय?"

"तुजी माय फाट्यावर जात न्हाय. लगीन होऊन आल्यापासनं त्या हाटेलाची पायरी चढली न्हाय ती. पोतं कुठून आनती?"

"मग तुमी तिला का बोललाव?"

"तुज्याकडं बगत बोललो म्या," आप्पा म्हणाले. "तू मान वर केली न्हाईस." मग गाडी चालू केली.

भट्टी पेटली. पण पहिल्यासारखं लगेच झालं असं काही नाही. शेठनं माल घेतला, तरी दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, आणि त्या काकूनं दूध डेअरीलाच चालू ठेवलं. आता दोनच कढया होतात. एक आप्पा करतात, एक माय. तरी माय तिच्या कढईला तिसरीच म्हणते, सवयीनं.

मागच्या दिवाळीला मी घरी होते. दुपारची वेळ, आप्पा कळंबला गेलेले, मायची कढई अजून चढायची होती. ती भट्टीत जळतण रचत होती. मला म्हणाली, "मने, तुज्या त्या फिलिममधी माजं तोंड तरी बरं आलतं का गं? सगळ्या गावानं बगितलं, म्याच न्हाय बगितलं."

एवढ्या वर्षांत मी तिला ती दाखवली नव्हती. दाखवण्यासारखी राहिली नव्हती म्हणा, किंवा माझी हिंमत नव्हती. मी आत जाऊन जुन्या हार्डडिस्कमधून काढली, लॅपटॉप तिच्यासमोर जळतणाच्या मोळीवर ठेवला आणि लावली. माय तिच्या निळ्या खुर्चीवर, मी शेजारी जमिनीवर. ती सगळं बारकाईनं बघत होती. म्हैस दिसली की म्हणाली, "ही आपली बांडी, गेली बिचारी." सपार दिसला की म्हणाली, "पत्रा किती फुटला व्हता." स्वतःबद्दल काहीच बोलेना. शेवटचा शॉट आला, लांब, पोत्यावर बसलेली ती, कढईत बघत, हात आपोआप फिरतोय, डोळे कुठंच नाहीत. मी पडद्याकडं न बघता तिच्याकडं बघत होते.

ती पुढं वाकली. पदरानं लॅपटॉपवरची राख पुसली आणि पुन्हा बघितलं, एखादी ओळखीची बाई गर्दीत दिसावी तसं.

"लई दमलीय गं ही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "खुर्ची द्यायची न्हवं तिला."

फिल्म संपली. माय उठली, खांदा दाबला, कढई चढवली आणि दूध ओतलं. मी उलथन्याला हात घातला तेव्हा तिनं ते लगेच सोडलं नाही. मग सोडलं.